विंडोजशिवाय गेम आणि डिझाइन: नाशकात जमेल का?

गोदाकाठ
विंडोज १० ला नेहमीचे अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे सिडको-सातपूरमधल्या घरांतले चौथ्या-सहाव्या पिढीचे धडधाकट पीसी कागदोपत्री भंगारात. त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, टाका म्हटलं की दोन आक्षेप हमखास येतात: गेम चालत नाहीत, आणि डिझाइनचं फोटोशॉप-कोरल चालत नाही.

माझ्या मते पहिला आक्षेप शिळा झालाय. दुसरा खरा आहे, पण त्याचं खापर लिनक्सवर फोडणं चूक.

व्हॉल्व कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रोटॉन आणलं, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर. त्याचा पाया वाइन, जे १९९३ पासून घडतंय. विंडोजचा प्रोग्राम जे मागेल ते लिनक्सकडून मिळवून द्यायचं, हे त्याचं काम. ग्राफिक्सचं डीएक्सव्हीकेसारखे भाग बघतात: गेमच्या डायरेक्टएक्सच्या (विंडोजच्या ग्राफिक्स भाषेतल्या) आज्ञा लिनक्सलाही चालणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलून ग्राफिक्स कार्डाकडे पाठवतात. प्रोसेसरची नक्कल करावी लागत नसल्याने वेग फारसा मरत नाही. व्हॉल्वचं २०२२ चं स्टीम डेक, हे हातात धरून खेळायचं लिनक्सवालं यंत्र, भारतात अधिकृतपणे विकायला आलंच नाही, पण त्याच्यापायी झालेलं काम आपल्या पीसीलाही मिळालं. सायबरपंक २०७७, एल्डन रिंग, बाल्डर्स गेट ३: इन्स्टॉल दाबा आणि खेळा.

आता डिझाइन. पर्याय आहे: ब्लेंडर (थ्रीडी), क्रिटा (चित्रकला), इंकस्केप (कोरलसारखं रेखाटन), डार्कटेबल (फोटो) लिनक्सवर थेट चालतात. २०२५ मध्ये ॲनिमेशनचं ऑस्कर घेणारा ‘फ्लो’ ब्लेंडरमध्ये बनला. अडतं ते अडोबी आणि कोरलपाशी. गंमत म्हणजे कोरलने २००० साली कोरलड्रॉ ९ लिनक्ससाठी काढलं होतं, तेही वाइनच्याच आधाराने. तेव्हा जमलं, आज नको झालंय. आणि आपण क्रॅक (चोरीची प्रत) वापरून त्यांचीच सवय पुढच्या पोरांना लावतोय.

क्लच_किंग
दादा, तुम्ही सांगितलेले सगळे गेम एकट्याने खेळायचे आहेत. कॉलेज रोडच्या एखाद्या कॅफेत डोकावा आणि पोरं काय खेळतात ते बघा. व्हॅलोरंट. त्याचं व्हॅनगार्ड हे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, बसतं, लिनक्सवर प्रश्नच मिटला. एपेक्स लेजंड्स चालायचं, ते २०२४ च्या अखेरीस ईए कंपनीने लिनक्सवर बंद केलं. जीटीए ऑनलाइनला सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे तसलंच सॉफ्टवेअर लागलं आणि लिनक्सवाले बाहेर. फोर्टनाइट नाही, पब्जी नाही. मग ‘शिळा आक्षेप’ कसा काय?

गोदाकाठ
काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ ची लिनक्स आवृत्ती खुद्द व्हॉल्वच देते, ते विसरलास. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या चीट पकडणाऱ्या दोन्ही सॉफ्टवेअरनी २०२१ पासून प्रोटॉनला वाट करून दिलीय. ती उघडायची की नाही हे गेम कंपनी ठरवते. एल्डन रिंगलाही ईझी अँटी-चीटच आहे आणि ते ऑनलाइन मस्त चालतं. त्यामुळे ‘लिनक्सला जमत नाही’ असं म्हणू नये.

क्लच_किंग
कोण ठरवतं ते मला कळून काय करायचंय? रात्री जेवण उरकून ग्रुपमधले सगळे व्हॅलोरंटमध्ये जमणार आणि मी एकटा तत्त्व सांभाळत बसू? आणि ईएची बाजूही ऐका ना. त्यांचं म्हणणं, लिनक्समधले चीट पकडणं अवघड जातं. जिथे कर्नलच ज्याला त्याला हवा तसा बदलता येतो तिथे ते खोटं तरी कसं म्हणायचं?

जुनं_मशीन
मी एमजी रोडला दुरुस्ती करतो. गोदाकाठ साहेबांचा मुद्दा बरोबर, पण उदाहरण चुकलं. चौथ्या पिढीच्या इनबिल्ट ग्राफिक्सला व्हल्कन अर्धवटच आहे. आपल्याकडे ढिगाने विकली गेलेली जीटी ७१० आणि ७३० कार्डं घ्या. एनव्हिडियाचा त्यातल्या केपलर पिढीच्या कार्डांसाठीचा शेवटचा ड्रायव्हर ४७० मालिकेतला, आणि तो व्हल्कन १.२ पर्यंतच जातो. डीएक्सव्हीके २.० पासून पुढे १.३ मागतं. म्हणजे ज्या मशीनला विंडोज ११ नाकारतं, त्यातल्या बऱ्याच मशीनना आजचं प्रोटॉनही धड पेलत नाही. जुनी आवृत्ती लावून जुने गेम चालतात, पण ‘इन्स्टॉल दाबा आणि खेळा’ म्हणू नका. गिऱ्हाईक शिव्या मला देतं.

जीटीएक्स १०५० टीआय किंवा एएमडीचं आरएक्स ५७० असेल तर खुशाल टाका. एएमडीला वेगळा ड्रायव्हरही शोधावा लागत नाही. आणि विंडोजची डी ड्राइव्ह तिच्या एनटीएफएस स्वरूपात तशीच ठेवून तिथूनच स्टीमचे गेम चालवायला जाऊ नका. लायब्ररी लिनक्सच्या पार्टिशनवर न्या. माझ्याकडे येणाऱ्या ‘प्रोटॉन बिघडलं’ तक्रारींमागे बऱ्याचदा हेच निघतं.

फ्लेक्सवाला_पंचवटी
गेमचं तुम्ही पोरं भांडा. मला ‘क्रॅक वापरून सवय लावतोय’ हे वाक्य झोंबलं. माझं कोरल विकत घेतलेलं आहे.

आता माझं काम कसं चालतं ते ऐका. रात्री अकराला भाऊंच्या कार्यकर्त्याचा फोन येतो: ‘मागच्या वाढदिवसाचीच फाइल आहे, फक्त तारीख बदला आणि खाली चार नावं वाढवा, सकाळी चौकात लागला पाहिजे.’ फाइल येते व्हॉट्सॲपवर, कोरलची सीडीआर. ती बनवलेली असते नाशिकरोडच्या कुणीतरी, तिच्यातले फोटो दुसऱ्याच कुणी कापलेले. मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या देवनागरीत) नसतो, श्रीलिपी नाहीतर शिवाजीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतो. तो फाँट नसेल तर ‘हार्दिक शुभेच्छा’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. तुमचं इंकस्केप सीडीआर उघडतं म्हणे. उघडतं, पण सावल्या गायब आणि मजकूर हललेला. माझ्या प्रिंटिंग मशीनचं, फाइल छपाईयोग्य करणारं रिप सॉफ्टवेअरही विंडोजचंच. मी एकट्याने बदलून काय होणार? नाशकातली सगळी दुकानं एकमेकांच्या फाइलींवर जगतात.

आणि फुकट, फुकट म्हणून सांगता. ज्यांना तुम्ही सांगताय त्यांना विंडोज-कोरल आधीच फुकट पडतंय, चोरीचं असलं तरी. फुकटाच्या जोरावर त्यांना लिनक्स कसं विकणार?

गोदाकाठ
शेवटच्या मुद्द्याला उत्तर नाही, तो मान्य. पण मग दोष त्या सीडीआरचा ना? एका कंपनीची फाइल अख्ख्या शहराने दस्तऐवज म्हणून वापरायची आणि वर म्हणायचं की लिनक्सवर काम होत नाही.

रंगपेटी
मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, क्रिटामध्ये, लिनक्सवर. पेन टॅब्लेट लावला की चालतो, सीएमवायकेत (छपाईच्या चार रंगांत) चित्र काढता येतं, छापखान्याची तक्रार नाही. तरीही फ्लेक्सवाले दादांच्या बाजूने बोलणार आहे.

गोदाकाठ, ‘पर्याय आहे’ हे वाक्य फार सैल वापरलं जातं. ब्लेंडर हा पर्याय नाहीच, ते स्वतःच अव्वल आहे. क्रिटाही चित्रासाठी तसंच. फोटो सुधारायचं गिंप मात्र मार्च २०२५ च्या ३.० मध्ये कुठे मूळ चित्र न बिघडवता फिल्टर लावायला शिकलं. फोटोशॉपवाल्यांना ते कधीचं येतंय. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याला दाविंची रिझॉल्व्ह लिनक्सवर मिळतं, पण फुकट आवृत्ती तिथे एच.२६४, म्हणजे कॅमेऱ्यांचं नेहमीचं व्हिडिओ स्वरूप, घेत नाही. कॅमेऱ्यातली प्रत्येक क्लिप आधी दुसऱ्या स्वरूपात बदला आणि मग एडिटिंगला बसा. सीझनमध्ये एवढा वेळ आणि एवढी हार्ड डिस्क कोणाकडे असते? डिझाइनचं अफिनिटी ऑक्टोबर २०२५ मध्ये फुकट झालं, तेही फक्त विंडोज आणि मॅकवर. ही यादी लपवून लोकांना लिनक्सवर आणलं की ते आठवड्यात परत जातात आणि पुन्हा कधी फिरकत नाहीत.

दादा, तुम्हालाही एक विचारते. नवा मजकूर तरी युनिकोडमध्ये का टाइप करत नाही? इंकस्केपमध्ये युनिकोड देवनागरीची जोडाक्षरं व्यवस्थित बसतात. जुन्या फाँटचा चिवडा लिनक्सने केलेला नाही. विंडोजच्या दोन दुकानांमध्येही तो होतोच.

फ्लेक्सवाला_पंचवटी
होतो, खरंय ताई. म्हणून तर दुसऱ्याला देताना सगळा मजकूर कर्व्ह करून (अक्षरांचे आकार करून) पाठवतो. मग पुढच्याला नाव बदलता येत नाही, आणि फोन परत मलाच!

युनिकोडचे ठसठशीत फाँट आता मिळतात, पण गिऱ्हाईक ‘मागच्यासारखंच अक्षर’ मागतं. सिंहस्थाची कामं तोंडावर आहेत, २०२७ पर्यंत मान वर करायला फुरसत नाही. अशात ऑपरेटरला नवं काही शिकवणार नाही. काउंटरवरचा बिलांचा पीसी मात्र विंडोज ११ घेत नाही. जुनं_मशीन, त्यावर टाकता का लिनक्स? फक्त बिलाच्या प्रिंटरचं आधी बघून घ्या.

जुनं_मशीन
प्रिंटरचं मॉडेल कळवा. आणि त्या पीसीत कार्ड कोणतं आहे तेही, नाहीतर तुमचा मुलगा त्यावर गेम टाकेल आणि मला फोन करेल.

क्लच_किंग
मुलगा व्हॅलोरंट खेळत असेल तर आधी त्याला विचारा.