आपण केलंच नाही ते पाप आपलं कसं?

रामबागवाला
मंडळी, वाद घालायला नाही, खरंच समजून घ्यायला विचारतोय. ऑफिसातला ख्रिश्चन मित्र काल पोहे खाता खाता म्हणाला की माणूस जन्मतःच पापी. म्हटलं भिया, काल जन्मलेल्या पोराने असं काय केलं? आपल्याकडे करावं तसं भरावं, मागल्या जन्मीचं का होईना पण स्वतःचंच. मग म्हणे व्यवस्थेचंही पाप असतं. आता व्यवस्था काय चर्चमध्ये जाऊन कबुली देणार??

रविवारी_उशिरा
मी ख्रिश्चन आहे, पाद्री नाही, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. बायबलच्या नव्या करारात पापाला ग्रीक शब्द आहे हमार्तिया, म्हणजे नेम चुकणं. बाळाचं म्हणाल तर त्यावर आमच्यातच जुनं भांडण आहे, ऑगस्टीन नावाचे बिशप म्हणत आदामाचा, म्हणजे पहिल्या माणसाचा, दोष सगळ्यांना लागला, पेलाजियस नावाचा साधू म्हणे ज्याचं त्याच्यापाशी, अगदी तुमच्यासारखं. 418 साली कार्थेजच्या चर्च-परिषदेने पेलाजियसवाल्यांना झिडकारलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे लोक मात्र म्हणतात वारशात मरण येतं, आदामाचा गुन्हा नाही. मला हेच पटतं (आईला सांगू नका).

आणि व्यवस्था म्हणजे काय ते आमच्या बिल्डिंगमध्ये बघा. पावसाळ्यात गटाराचा चेंबर तुंबला, ग्रुपवर मेसेज आला, बारा फ्लॅट, प्रत्येकी दीडशे. एक मुलगा बनियनवर आत उतरला, हातमोजे नाहीत, दोरी पण कुणाच्या तरी गॅलरीतली, कपडे वाळत घालायची. वर येऊन त्याने पाणी मागितलं तर आतून प्लास्टिकचा ग्लास शोधून आणला गेला. मीही तिथेच उभा होतो. 2013 च्या कायद्याने असं उतरवणं बंद आहे आणि आपल्या इंदूर शहरात 2017 पासून स्वच्छतेत नंबर वनच्या पाट्या. सांगा, पाप कोणाचं?

चिमणबाग_आजोबा
सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. सोय आहे झालं.

माळव्यातली
आजोबा, हीच भीती पोप जॉन पॉल दुसरे यांना होती. 1984 साली त्यांनी लिहिलं की सामाजिक पाप म्हणजे एकेकाच्या पापांचा साचलेला ढीग, त्यात थांबवता येत असून आळसाने किंवा भीतीने गप्प बसलेलेही आले. उलट न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत पाद्री राहिलेले राउशेनबुश, 1917 चं त्यांचं पुस्तक, त्यांचा जोर यावर की पाप नुसतं रक्तातून नाही, रीतीरिवाजातून, संस्थांमधून पुढच्या पिढीला जातं. मला राउशेनबुश जास्त पटतात, तो प्लास्टिकचा ग्लास कोणी शिकवला होता? आणि हे नवीन खूळ नाही हो, बायबलमधला आमोस संदेष्टा चपलांच्या जोडासाठी गरिबाला विकणाऱ्यांवर कधीचा ओरडून गेलाय.

रविवारी_उशिरा
ग्लासचं बरोबर आहे. माझ्याच घरातून आणला होता.

रामबागवाला
हं. आमच्या सोसायटीचा खजिनदार मी आहे, दरवर्षी तो खर्च 'किरकोळ'मध्ये टाकतो. मशीनवाल्या गाडीचा नंबर असेल कोणाकडे तर पाठवा.

रविवारी_उशिरा
पाठवतो. पण आधीच सांगतो, गाडी गल्लीत शिरत नाही म्हणतील. आमच्याकडे तेच म्हणाले होते आणि आम्ही लगेच बरं म्हटलं.