मदत हवी आहे: हाडाची आरी आणि सुई करताना हाड तडकतंय

मंडळी, काश्मीरमधल्या बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन वस्तीत (उत्खनन १९६०–७१) हाडाच्या आऱ्या (भोक पाडायचे टोचे), सुया, हार्पून (मासे मारायचे काटेरी भाले) सापडले. शाळेच्या प्रदर्शनासाठी तशी आरी आणि सुई दगडी हत्यारांनीच करायची आहे. बोकडाची नळी कुकरला लावून साफ केली, दगडाने फोडली, तर नुसत्या वेड्यावाकड्या ढलप्या. सुईचं नेढं पाडताना तर हमखास तडा जातो. काय चुकतंय?

प्रतिसाद १
कुकर! हाडाचा चिवटपणा कोलॅजन या प्रथिनामुळे असतो. शिजवलं की त्याचं जिलेटिन होऊन रश्श्यात उतरतं आणि हाड ठिसूळ होतं. कच्ची नळी आणा, खुराच्या लगेच वरची. पाय भाजून देतात तसले नकोत.

आणि फोडू नका, चिरा. ही नळी मुळात दोन हाडं जुळून झालेली असते, त्यामुळे तिच्यावर उभी खाच आयतीच असते. गारगोटीच्या धारदार छिलक्याने (कपचीने) ती खाच पुढून-मागून खोल करत न्या, हाड सतत ओलं ठेवून. आतली पोकळी लागली की लाकडी पाचर बसवून हलके ठोके द्या, दोन सरळ फाका होतील. खुराकडची गाठ काढू नका, तीच आरीची मूठ. घाईने एकाच बाजूने चिरलंत तर फाक मध्येच आडवी मोडते.

टोक खरखरीत दगडावर पाणी घालून घासा. घासल्यावर बारीक समांतर रेघा दिसतात. छिलक्याने तासलेल्या भागावर मात्र उभे, लहरी ओरखडे राहतात. ते पुसू नका, मुलांना दाखवायला उत्तम.

प्रतिसाद २
नेढ्याचा क्रम उलटा झालाय. सुई बारीक करून मग भोक पाडलं तर कडेला हाडच उरत नाही. पट्टी रुंद असतानाच भोक पाडा, मग बाजू घासत आणा. आधी छिलक्याने दोन्हीकडून खळगा कोरून जागा पातळ करा, मग टोकदार गारगोटी हाताने फिरवत अर्धं या बाजूने, अर्धं त्या बाजूने. एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडे टवका उडतो.

धागाकर्ता
धन्यवाद! हाड मऊ पडायला चिंचेच्या पाण्यात ठेवू का?

प्रतिसाद १
नको. आम्लाने खनिज विरघळतं, हाड रबरासारखं वाकतं, टोक टिकत नाही. साधं पाणी पुरे. आणि कोरडं घासत असाल तर मास्क लावा, ती भुकटी छातीला वाईट.