मारुती ८०० (१९९३, कार्बोरेटर): लिव्हर पूर्ण थंडवर असूनही एसीची हवा कोमट

कर्वेनगर_८००

मंडळी, गाडी ७९६ सीसी, कार्बोरेटरवाली, एसी कंपनीचाच. सकाळी सुरू केल्यावर पहिली पाच-सात मिनिटं हवा छान गार येते. टेम्परेचरचा काटा मध्यावर आला की कोमट व्हायला लागते. नळ स्टॉपच्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये तर नुसता पंखाच. टेम्परेचरचा लिव्हर निळ्या टोकापर्यंत ढकलला तरी शेवटचा अर्धा सेंटिमीटर स्प्रिंगसारखा परत येतो. मोडचा लिव्हर (हवा चेहऱ्यावर की काचेवर, ते ठरवणारा) जड आहे. ब्लोअर फक्त सगळ्यात वरच्या स्पीडवर चालतो.

दोन गॅरेजमध्ये "गॅस कमी आहे, भरून टाकू" असं सांगितलंय. आत आर-१२ (जुन्या गाड्यांतला एसीचा गॅस) आहे की मध्ये कुणी बदललाय, याची नोंद मागच्या मालकाकडे नव्हती. गॅस भरण्याआधी काय तपासू? लिव्हरची केबल घरी सेट करता येते का? मूळ पार्ट शक्यतो ठेवायचे आहेत.

तांबटआळी

गॅसला अजून कुणाला हात लावू देऊ नका. इंजिन गार असताना हवा गार आणि इंजिन तापलं की कोमट, हे गॅस कमी असल्याचं लक्षण नाही. गॅस कमी असेल तर पहिल्या मिनिटापासून गारवा कमी पडतो. इथे संशय हीटरच्या कॉकवर घ्यायचा, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी हीटरला सोडणाऱ्या तोटीवर. ब्लोअरची हवा आधी कूलिंग कॉइलमधून जाते आणि मग हीटर कोअरवरून (गरम पाणी फिरणारी हीटरची जाळी). कॉक पूर्ण बंद होत नसेल तर ऐंशी अंशांच्या वरचं पाणी कोअरमध्ये झिरपत राहतं आणि एसीने गार केलेली हवा तिथे पुन्हा तापते. मेकॅनिकने गेज लावलं तर दाब बरोबर दिसतात, तरी हवा गरम. मग गॅस "थोडा अजून" भरला जातो आणि नवं दुखणं सुरू होतं.

तपासायला एक स्वयंपाकघरातला किंवा लॅबचा थर्मामीटर पुरेल. तो मधल्या जाळीत खोचा. काचा बंद, हवा आतल्या आत फिरणारी, ब्लोअर पूर्ण, इंजिन पूर्ण तापलेलं, रेस १५०० आरपीएमच्या आसपास. दहा मिनिटांनी आकडा लिहून घ्या. मग इंजिनाकडून हीटरला जाणारा रबरी पाइप दाबून बंद करा आणि पाच मिनिटांनी पुन्हा आकडा बघा. पाच-सहा अंश किंवा जास्त खाली आला तर कॉक गळतोय, दुसरा पुरावा नको. पाइप दाबताना उघडी पक्कड लावू नका, जुनं रबर चिरतं. दोन लाकडी पट्ट्यांमध्ये पाइप धरून त्यावर क्लॅम्प लावा. पाइप आधीच कडक होऊन तडकला असेल तर ही परीक्षा सोडा आणि आधी पाइपच बदला.

आता दोष केबलचा की कॉकचा, हे वेगळं काढायचं. टेम्परेचर लिव्हरपासून केबलचा माग काढत जा, ती जिथे संपते तिथे कॉक. इंजिन गार असताना कॉकच्या आर्मवरून केबल सोडवा आणि आर्म हाताने बंदच्या बाजूला अडेपर्यंत फिरवा. गाडी तापवून वरची परीक्षा पुन्हा घ्या. आता हवा गार राहिली तर कॉक ठीक आहे, फक्त केबलचं सेटिंग सरकलंय. लिव्हर परत येतो म्हणताय त्यावरून निदान काही भाग केबलचा आहे, हे नक्की.

केबल लावण्याची रीत: बाहेरचं कव्हर धरणारी क्लिप ढिली करा. डॅशवरचा लिव्हर निळ्या टोकाला अडेपर्यंत न्या आणि तिथून दीड-दोन मिलिमीटर मागे घ्या. कॉकचा आर्म हाताने पूर्ण बंद करून धरा. आतली तार आर्मच्या खुंटीत अडकवा, कव्हर हलकेच ताणून त्यातला सैलपणा काढा आणि क्लिप घट्ट करा. ते दीड-दोन मिलिमीटर सोडायचे कारण कॉक आधी टेकला पाहिजे, लिव्हर नंतर. उलटं झालं तर लिव्हर टोकाला पोचतो, कॉक मात्र किंचित उघडा राहतो, आणि तेवढ्याने एसीचं काम वाया जातं. मग गरमच्या टोकाला नेऊन कॉक तिकडेही पूर्ण उघडतो का बघा. दोन्ही टोकं मिळत नसतील तर आतली तार कुठेतरी वाकलीय. वाकलेली तार सरळ केली तरी पुन्हा तिथेच वाकते, म्हणून केबल नवी घ्या. केबलचं वळण मोठं ठेवा, वायरिंगच्या जुडग्याखाली दाबू नका.

जड लिव्हरवर गंज सोडवायचा स्प्रे मारू नका. पहिले दोन आठवडे लिव्हर लोण्यासारखा चालतो, मग त्यावर धूळ बसून आणखी घट्ट होतो. पिव्हटला सिलिकॉन ग्रीसचा एक ठिपका पुरे. डॅशवरची बटणं ओढण्याआधी हेअर ड्रायरने जरा गरम करा, तीस वर्षांचं प्लास्टिक आहे.

गेजवाला

वर सांगितलंय ते आधी करा. त्यातून सुटलं नाही तरच हे.

आत कुठला गॅस आहे याचा अंदाज सर्व्हिस पोर्टवरून (गॅस भरायच्या तोंडांवरून) येतो. आर-१२ चे पोर्ट आट्यांचे असतात, होज फिरवून बसवावी लागते. आर-१३४ए (आर-१२ नंतर आलेला गॅस) चे पोर्ट जाडसर, खटकन बसणाऱ्या कपलरचे. आट्यांवर ॲडॉप्टर चढवलेला दिसला तर कुणीतरी बदल केलाय असं समजा. ॲडॉप्टर नसला म्हणून आत आर-१२ च असेल याची मात्र खात्री नाही, काही जण होजच्या टोकालाच ॲडॉप्टर लावून भरतात.

आर-१२ वर आर-१३४ए कधीच "टॉप अप" करायचा नाही. दोन्ही मिसळले की मिश्रणाचा दाब दोघांच्याही वेगवेगळ्या दाबापेक्षा वर जातो. शिवाय आर-१२ चं मिनरल तेल आर-१३४ए मध्ये विरघळत नाही. ते कॉइलमध्ये साचतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. स्वस्तात भरून देणाऱ्यांकडे सिलिंडरवरचं नाव वाचल्याशिवाय होज लावू देऊ नका, काही ठिकाणी ज्वलनशील गॅस भरतात. कूलिंग कॉइल केबिनच्या हवेत बसलेली असते, म्हणजे गळलेला गॅस थेट आत येतो, हे लक्षात घ्या.

सिस्टीम बंद आणि गळतीशिवाय असेल तर जुना आर-१२ आहे तसा राहू द्या. तो आता सहज मिळत नाही आणि तुमच्या गाडीसाठी तोच सगळ्यात चांगला. बदलायची वेळ आलीच तर अर्धवट करू नका. जुना गॅस मशीनने काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. कॉम्प्रेसरमधलं तेल ओतून मोजायचं आणि तितकंच एस्टर तेल भरायचं. सगळ्या ओ-रिंग हिरव्या, एचएनबीआरच्या. ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) नवाच आणि तोही आर-१३४ए चा, कारण जुन्यातले ओलावा शोषणारे दाणे नव्या गॅसशी जुळत नाहीत. मग किमान पाऊण तास व्हॅक्यूम, पंप बंद करून अर्धा तास काटा हलतो का बघायचं. बॉनेटखालच्या स्टिकरवर आर-१२ चं वजन लिहिलेलं असतं. आर-१३४ए त्याच्या ८० टक्के, वजनकाट्यावर तोलून. ड्रायरच्या काचेतले बुडबुडे बघून आर-१३४ए भरणारा हमखास जास्त भरतो.

पुण्यातल्या लोकांसाठी एक मुद्दा. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पूर्ण व्हॅक्यूमलाही काटा पाऱ्याच्या २८ इंचांच्या आसपासच थांबतो. पुस्तकातले २९.९ इथे कधीच दिसणार नाहीत. त्यासाठी गळती शोधत बसू नका.

दाब: बाहेर ३५-३८ अंश, रेस १५००, ब्लोअर पूर्ण. लो साइड (कमी दाबाची बाजू) ३० ते ४० पीएसआय. हाय साइड (जास्त दाबाची बाजू) आर-१२ ला साधारण १८० ते २३०, आर-१३४ए ला २०० ते २५०. रेसवर बरोबर आणि आयडलवर दोन्ही चढत असतील तर कंडेन्सरला (पुढची, गॅस गार करणारी जाळी) हवा कमी पडतेय. कॉम्प्रेसरचा क्लच बसताच कंडेन्सरचा पंखा फिरलाच पाहिजे. फिरतोय पण उलटा, असंही असतं, मोटर बदलताना वायरी अदलाबदल होतात. पंख्यापुढे कागद धरून बघा, हवा इंजिनाकडे ओढली गेली पाहिजे. कंडेन्सरवर पाणी मारल्यावर हाय साइड झपाट्याने उतरून हवा गार झाली तर गॅसला दोष देऊ नका. जाळी बाहेरून आणि आतून धुवा, मधल्या फटीत माती आणि वाळकी पानं अडकतात.

ब्लोअर एकाच, वरच्या स्पीडवर चालणं म्हणजे रेझिस्टर गेलाय. वरच्या स्पीडला करंट थेट जातो, खालच्यांना रेझिस्टरमधून. तो हवेच्या मार्गातच बसवलेला असतो, म्हणजे ब्लोअरची हवाच त्याला गार ठेवते. म्हणून नुसता रेझिस्टर बदलू नका. ब्लोअर बाहेर काढा, आतली पानं साफ करा, पंखा हाताने फिरवा. सोडल्यावर दोन-तीन फेऱ्या सहज फिरायला हवा. बुश कोरडे असतील तर मोटर जास्त करंट ओढते आणि नवा रेझिस्टरही जळतो. साधी तार गुंडाळून जोड देणं म्हणजे डॅशखाली आगीला आमंत्रण.

कर्वेनगर_८००

आकडे घेतले. बाहेर ३७ अंश. जाळीत १९. हीटरचा पाइप दाबल्यावर पाच मिनिटांत १२. कॉकवरून केबल सोडून आर्म हाताने बंद केला तर १७, म्हणजे थोडाच फरक. पोर्ट आट्यांचे आहेत, ॲडॉप्टर नाही. कंडेन्सरचा पंखा फिरतोय, दिशा बरोबर. कॉक काढावा लागणार बहुतेक. नाना पेठेत मिळतो म्हणतात, घेताना काय बघू? आणि उन्हाळाभर हीटर बायपास केला तर चालेल का?

तांबटआळी

१९ वरून १२, म्हणजे दुखणं सापडलं. ३७ अंशांत जाळीला १२ देणारा एसी ठीक आहे, गॅस भरू नका. हाताने बंद करून १७ आला म्हणजे कॉक आतून झिजलाय, आणि केबलही थोडी सरकलीय. दोन्ही करा.

कॉक घ्यायला जाताना जुना हातात घेऊन जा. दोन गोष्टी जुळवा: आर्म कुठल्या दिशेला फिरवल्यावर बंद होतो, आणि नळीचा बाहेरचा व्यास. दिशा उलटी असलेला कॉकही पाइपात आरामात बसतो, मग लाल टोकाला थंड आणि निळ्याला गरम मिळतं. दुकानातच कॉक बंद करून तोंडाने फुंकून बघा. हवा जराही जायला नको. नवे कॉकही गळतात, म्हणून हे काउंटरवरच करायचं.

काम इंजिन पूर्ण गार असतानाच. रेडिएटरचं झाकण आधी उघडा, खाली स्वच्छ बादली ठेवा. कॉक डॅशखाली असेल तर गालिच्यावर प्लास्टिक पसरा. पाइप ओढून निघत नसेल तर हिसके देऊ नका, कोअरची नळी पातळ असते आणि ती वाकली की कोअरच गेला. पाइप लांबीत चिरून काढा, नवा पाइप कोअरपेक्षा कितीतरी स्वस्त. उघडलंच आहे तर कोअरमध्ये उलट्या दिशेने नळाचं पाणी सोडा, अगदी कमी दाबाने. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं पाणी अजिबात नको, कोअरमध्ये क्षार धरतो. शेवटी लिव्हर गरमवर ठेवून इंजिन चालवा म्हणजे कोअरमधली हवा निघेल. डॅशमधून खळखळ आवाज येत असेल तर हवा अजून आत आहे.

बायपास तात्पुरता चालतो, पण दोन्ही टोकं बुचं मारून बंद करू नका. एकाच पाइपने जाणारं आणि येणारं टोक जोडा. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पाणी फिरायला हाच रस्ता असतो. तुम्हाला गाडी मूळ स्थितीत ठेवायची आहे तर कॉकच बसवा. आणि इंजिनाचा थर्मोस्टॅट कुणी काढून फेकलाय का तेही बघून घ्या. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून तो काढायची इथे फार सवय आहे. त्याशिवाय डिसेंबरात हीटर कोमटच राहतो, मग कितीही केबल सेट करा.

ताम्हिणी_रस्ता

मोडच्या लिव्हरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. पावसाळ्यात तोच जास्त लागतो.

जाळ्यांतून स्पंजचे काळे कण येत असतील तर फ्लॅपच्या (हवेची वाट बदलणारं आतलं झाकण) कडेचा फोम कुजलाय. फ्लॅप पूर्ण टेकत नाही, थोडी हवा सतत पुढच्या काचेवर जाते. ओळखायची खूण: पावसात एसी लावल्यावर काच बाहेरून धुरकटते आणि वायपरने लगेच साफ होते. गार हवेने काच थंड होऊन बाहेरची दमट हवा तिच्यावर जमते. त्या वेळी मोड चेहऱ्यावर न्या आणि टेम्परेचर थोडं वाढवा. काच आतून धुरकटत असेल तर उलट: मोड काचेवर, हवा बाहेरची घ्या, एसी चालू आणि टेम्परेचर लिव्हर अर्ध्याच्या पुढे गरमकडे. कॉइल हवेतली ओल काढते, कोअर तीच कोरडी हवा गरम करून काचेवर टाकतो. म्हणून हीटर कायमचा बायपास करणं मला पटत नाही. मुळशीच्या पुढे जुलैत नुसत्या एसीने काच राखता येत नाही.

फोम तीन मिलिमीटरचा, पाणी न शोषणारा घ्या. जास्त जाड लावला तर फ्लॅप टोकाला पोचत नाही आणि केबल पुन्हा चुकीची सेट होते. मोडची केबल काचेच्या टोकाला लावा, चेहऱ्याच्या नाही. थोडी चूक राहिलीच तर ती चेहऱ्याकडे राहू दे, काचेला पूर्ण हवा मिळाली पाहिजे.

आतून पुसूनही काचेवर चिकट थर येत असेल आणि गोडसर वास असेल तर तो कूलंट आहे, म्हणजे कोअर फुटलाय. तेव्हा बायपास करा आणि आधी कोअर काढा.

गेजवाला

एक राहिलं. एक्सप्रेसवेवर तासभर चालवल्यावर हवेचा जोर कमी होत गेला, आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवून परत आला, तर कॉइलवर बर्फ जमतोय. कॉक बदलून हवा नीट गार झाली की हे दुखणं दिसायला लागेल, आधी लक्षात येत नाही. कॉइलच्या फिन्समध्ये (पातळ पत्र्यांमध्ये) खोचलेला सेन्सर निसटला आहे का बघा. कॉइल साफ करताना तो बऱ्याचदा बाहेर राहतो. जिथून निघाला त्याच जागी, तितकाच खोल परत खोचा. फिन तीन-चार अंशांवर आल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच सुटला पाहिजे, फिन शून्याच्या खाली जाता कामा नये. क्लच सुटतच नसेल तर सेन्सरची वायर आणि ॲम्प्लिफायरचं (सेन्सरवरून क्लच चालू-बंद करणारा डबा) कनेक्टर आधी साफ करा, डबा लगेच बदलू नका.

आणि एसी लावल्यावर आयडल पडत असेल तर कार्बोरेटरवरच्या आयडल-अपची (एसी लावल्यावर आयडल वाढवणारा भाग) व्हॅक्यूम नळी बघा. ती टोकाशी चिरते. चिरलेलं टोक कापून नळी पुन्हा बसवली तरी बहुतेक वेळा भागतं.