डागावर मोहरीएवढे ठिपके उमटले तेव्हा… (कोडावरच्या लेझरचे अनुभव सांगा)

तापीकाठ
परवा अखाजीला माहेरी अमळनेरला गेले होते. निंबाला झोका बांधलेला. मामेबहिणीची पोर केस मागे बांधून झोक्यावर उभी, कपाळावरचा पांढरा डाग उघडा, आणि मोठ्याने गाणं म्हणत होती. बघतच राहिले. २०१४ ला माझ्या कपाळावर डाग आला, आधी नखाएवढा, मग रुपयाएवढा. त्या अखाजीला मी झोक्यावर बसलेच नाही, वाऱ्याने बट उडेल म्हणून.

नंतर एक्सायमर लेझर घेतलं. ३०८ नॅनोमीटरची किरणं, फक्त डागावर पडतात, बाजूच्या कातडीला त्रास नाही. आठवड्यातून दोनदा, पण लागोपाठच्या दिवशी नाही. सिटिंग पाच मिनिटांचं, जळगावला जाण्या-येण्यात मात्र अख्खा दिवस. सतराव्या सिटिंगनंतर आरशात तपकिरी ठिपके दिसले, मोहरी सांडल्यासारखे. मी घाबरून रडले. डॉक्टरबाई म्हणाल्या, अगं, केसांच्या मुळातून रंग वर येतोय! ते ठिपकेच पसरत एकमेकांना मिळाले.

ज्यांना गुण आला नाही त्यांनीही लिहा, नक्की लिहा.

रावेरकर
बोटांच्या टोकांवर ४० सिटिंग. फरक शून्य. तिथे केसच नाहीत, रंगाच्या पेशी येणार कुठून. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, बोटं आणि ओठ हट्टी असतात. गालावरचा मात्र भरला. सोबत टॅक्रोलिमस मलम होतं.

धुळ्याची_लेक
लेझरच्या आधीचं सांगते. आजीने बावचीचं तेल लावून अंगणात बसवलं. मे महिना, धुळ्याचं ऊन. रात्री पोटरीवर हे एवढे फोड! बावचीत सोरालेन असतं, त्याने कातडी उन्हाला हळवी होते. पुवा उपचारात (सोरालेन आणि अतिनील किरणं) तेच मोजूनमापून देतात, घरी कोण मोजणार? फोड फुटले तिथे नवे डाग आले. आजीवर राग नाही. ती रोज माझ्या पायाशी बसून रडायची.

तापीकाठ
@धुळ्याची_लेक बाई गं. खरचटलं, भाजलं की तिथे नवा डाग येऊ शकतो, हे मलाही उशिरा कळलं. घट्ट नाड्यासुद्धा बंद केल्या मी.

सातपुड्याची_माय
मनी सासू आजून म्हनस, दूध अन मासा संगे खादा म्हनीसन डाग उना. माय व, आमना घरमा तं मासा कोनीच खात नही!

धुळ्याची_लेक
😂😂 सासूबाईंना आमच्याकडे पाठवा, भरीत-पुरी खाऊ घालते.

चाळीसगाव_एक_बाप
लेकीला बघायला आलेले लोक चहा न घेता उठून गेले. हा रोग शिवल्याने होत नाही, महारोगाशी संबंध नाही, शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच रंगपेशींवर उलटते. हे मी दारापर्यंत जाऊन सांगत होतो. ते चपला घालत होते. लेकीने मला आत बोलावलं, म्हणाली पप्पा, जाऊ द्या त्यांना. लेझर ती घेत नाही, तिला नको आहे. मी आता विचारतही नाही.

तापीकाठ
दादा, लेकीला माझा नमस्कार सांगा.

शिरपूरची
भाकरी टाकता टाकता लिहितेय. मुलाच्या भुवईत डाग आहे, तिथला केसही पांढरा झालाय. लेझर चालेल का?

रावेरकर
@शिरपूरची ताई, केस पांढरा असेल तर मुळात रंगाचा साठा उरलेला नसतो, गुण येणं अवघड. पण दाखवून घ्या. डाग वर्षभर वाढला नसेल तर रंगपेशींचं रोपणही करतात. थायरॉइडची तपासणी झाली का? कोडासोबत तो त्रास बऱ्याचदा सापडतो.

शिरपूरची
नाही झाली. उद्याच करते. लेझरने दुखतं का हो? पोरगं आठ वर्षांचं आहे.

रावेरकर
दुखत नाही, कोमट लागतं. डोळ्यांवर गॉगल देतात. डाग दिवसभर गुलाबी राहिला तर ठीक, फोड आला तर लगेच सांगायचं, पुढच्या वेळी मात्रा कमी करतात.

शिरपूरची
गॉगल म्हटल्यावर उड्याच मारेल तो. जळगावला तुम्ही कोणत्या वारी जाता?

रावेरकर
बुधवारी, पुतण्याला घेऊन. या तुम्ही, दोन्ही पोरं सोबत बसतील. केळीचे वेफर्स आणतो.

धुळ्याची_लेक
मिरीवाले आणा, भाऊ.