अण्णांच्या हातापायातली ताकद कमी होतेय, अ‍ॅक्युपंक्चर सुरू करावं का?

लालबागची_शुभा

नमस्कार. अण्णा, म्हणजे माझे वडील, वय ७१, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. गणपतीपासून उजव्या हाताची पकड सैल झालीये. शर्टाची बटणं लावायला खूप वेळ लागतो. ज्या बोटांनी आयुष्यभर भरल्या बसमध्ये तिकिटं फाडली, त्यांना आता एकमेकींना चिकटलेल्या दोन नोटा सुट्या करता येत नाहीत. परवा भाजी घेऊन आले तर डाव्या पायात चप्पलच नव्हती. कुठे निसटली ते त्यांना कळलंही नाही. चाळीचा जिना उतरताना कठडा सोडत नाहीत. दुखत काहीच नाही, म्हणून डॉक्टरांकडे यायला तयार नाहीत. ‘वय झालं’ एवढंच म्हणतात.

मधुमेह आहे, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे. बीपीच्या औषधांत एक लघवी जास्त होण्याची गोळी आहे. आम्ही शाकाहारी. आतेभावाने सिंगापूरहून अशक्तपणावरची चिनी पावडर आणलीये, ती दोन वेळा गरम पाण्यातून घेतात. दादरच्या एका अ‍ॅक्युपंक्चर सेंटरवाल्यांनी दहा सिटिंगमध्ये पूर्ण ताकद येईल असं सांगितलंय, पण पैसे सगळे आगाऊ मागतात. भरू का?

कट्टा_परळ

माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायूनंतर सुया लावल्या होत्या. खांद्याचं दुखणं बरंच कमी झालं, रात्री झोप लागायला लागली. हात उचलता आला तो मात्र रोजच्या व्यायामाने. पैसे सिटिंगप्रमाणे द्या, एकदम नको.

फिजिओमावशी

शुभा, ती चप्पल वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. आत्ता पैसे भरू नकोस. आधी ताकद अडतेय कुठे ते शोधायला हवं.

मेंदूचा हुकूम मज्जारज्जूतून खाली येतो, मग नसेत, मग स्नायूत. या वाटेवर कुठेही बिघाड झाला तरी घरच्यांना दिसतं ते एकच, की हात चालत नाही. औषध मात्र प्रत्येक ठिकाणाला वेगळं. मायस्थेनिया म्हणजे नसेचा निरोप स्नायूला नीट न पोचण्याचा आजार. त्याचा पेशंट सकाळी ठणठणीत असतो आणि संध्याकाळी त्याची पापणी उचलत नाही, त्याला पायरिडोस्टिग्मिन देतात. जीबीएसमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते त्या आजारात, पाय आधी जातात, मग ते वर चढत श्वासापर्यंत जाऊ शकतं. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात साथ आली तेव्हा सगळ्यांनी वाचलंच असेल. त्याला इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं लागतं.

अण्णांचं ऐकून मला पहिली शंका मानेची येते. वयाने मानेतल्या चकत्या झिजतात, हाड वाढतं आणि मधला मज्जारज्जू चेपला जातो. बटणं, नोटा, किल्ली अशी बारीक कामं आधी बिघडतात आणि चालताना तोल जातो. मान दुखेलच असं नाही, म्हणून माणसं अंगावर काढतात. मी परळला इतकी वर्षं फिजिओथेरपी केली, त्यात सगळ्यात जास्त जीव तुटला तो अशा उशिरा आलेल्यांसाठी. ऑपरेशनने दाब काढला की पुढची घसरण बहुतेकदा थांबते, पण गेलेली ताकद सगळी परत येईल असा शब्द कुठलाही सर्जन देत नाही.

दुसरी शंका बी-१२ जीवनसत्त्वाची. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ नीट शोषलं जात नाही, त्यात तुम्ही शाकाहारी. बी-१२ कमी पडलं की पाय कुठे टेकलाय याची जाणीवच जाते. निसटलेली चप्पल न कळणं इथेही बसतं.

आणि ती पावडर आजच बंद कर. चिनी औषधांत ज्येष्ठमध, इंग्रजीत लिकोराइस, फार वेळा असतं. ते रोज भरपूर पोटात गेलं की रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. अण्णांची लघवीची गोळीही पोटॅशियम उतरवू शकते. पोटॅशियम फार कमी झालं तर हातपाय गळतात, हृदयाचे ठोकेही बिघडतात. बीपीची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही.

घरी दोन गोष्टी बघ. हात पुढे धरून मूठ भराभर उघडझाप करायला सांग आणि दहा सेकंदांत किती वेळा होते ते मोज. चांगल्या हाताची वीसच्या वर होते. आणि सकाळी बेसिनपाशी तोंड धुताना, डोळे मिटल्यावर झोक जातो का ते बघ. मागे उभी राहा, पडतील.

अ‍ॅक्युपंक्चर ज्यातून आलं त्या चिनी वैद्यकाला मी नावं ठेवणार नाही. तिथला वैद्यही झटक्यात लुळं पडलेलं अंग आणि हळूहळू गळत गेलेलं अंग वेगळं धरतो. हळूहळू गळण्याला ते ‘वेइ’ म्हणतात. पचन अन्नाचं सत्त्व हातापायांपर्यंत पोचवत नाही, किंवा यकृत-मूत्रपिंडाचं बळ आटलं, अशी कारणं मांडतात. म्हणून जठर आणि मोठ्या आतड्याच्या वाहिन्यांवर, म्हणजे त्यांच्या मते अंगातून बळ वाहतं त्या वाटांवर, सुया लावण्याचा जोर असतो. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं आणि नडगीच्या बाहेर एक बोट, तो झूसानली बिंदू यातलाच. आज चीनमधल्या मोठ्या हॉस्पिटलांत एमआरआयही होतो आणि मग सुया, व्यायाम एकाच वॉर्डात चालतात. सुयांनी दुखणं हलकं झालेलं मी पाहिलंय. पण चेपलेला मज्जारज्जू सुईने मोकळा होत नाही आणि बी-१२ ची तूट भरत नाही. दहा सिटिंगमध्ये पूर्ण ताकद हे सांगणारा माणूस अण्णांना तपासायच्या आधी सांगतोय, हे मला फार खटकतं.

न्यूरॉलॉजिस्टकडे ने. मानेचा एमआरआय, बी-१२, पोटॅशियम, थायरॉईड. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एक बाजू अचानक गेली तर १०८. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. श्वास लागला किंवा लघवी अडली तरी थांबायचं नाही.

लालबागची_शुभा

मावशी, मूठ अकरा वेळाच झाली. डोळे मिटल्यावर फारसा झोक गेला नाही. पावडरच्या डब्यावर लिकोराइस लिहिलंय, बंद केली. पोटॅशियम ३.१ आलंय, फॅमिली डॉक्टरांनी गोळी बदलली आणि एमआरआयची चिठ्ठी दिली. अण्णांना पटलं ते मुठीच्या मोजणीने, स्वतःच मोजत होते. पण ते विचारतात, नंतर सुया लावल्या तर चालेल का?

फिजिओमावशी

३.१ म्हणजे कमीच आहे, पण एवढ्याने बोटांची बारीक कामं अशी बिघडत नाहीत. एमआरआय पुढे ढकलू नकोस.

सुया नंतर चालतील, न्यूरॉलॉजिस्ट हो म्हणाले तर. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चर कौन्सिल आहे, तिथला नोंदणी क्रमांक विचारायचा. सुया एकदा वापरून टाकायच्या हव्यात, पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. शुगर आहे हे सांगायचं, आणि रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर तेही. पायाला गरम मॉक्सा, म्हणजे शेकायला पेटवतात ती वाळलेल्या पाल्याची कांडी, लावू द्यायची नाही, बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. मानेला झटका किंवा जोरकस मालिश कुणालाही करू देऊ नकोस, ओळखीचा मालिशवाला असला तरी.

तोवर मागे पट्टा असलेली सँडल घाल त्यांना. रिपोर्ट आला की फिल्म नको, खालचं लिहिलेलं इथे टाइप कर, नाव वगळून.