वायरलेस माउसचा डोंगल कुठे खोचलाय ते आधी बघा
वायरलेस माउस मधेच अडखळतो म्हणून वायरवालाच बरा, असं बरेच जण म्हणतात. आवड म्हणाल तर माझाही कौल वायरलाच, घरच्या डेस्कटॉपला तोच आहे. पण अडखळण्याचं खापर दर वेळी माउसवर नको. यूएसबी 3.0 (यूएसबीची जास्त वेगवान आवृत्ती) चालू असताना त्याचे पोर्ट आणि केबल 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट सोडतात, आणि माउसचा डोंगल (पोर्टात खोचायचा छोटा रिसीव्हर) नेमका त्याच पट्ट्यात ऐकत असतो. इंटेलने 2012 मध्येच हे मोजून जाहीर केलंय. डोंगलच्या शेजारी एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावून फाइली कॉपी करा, बऱ्याचदा पॉइंटर उड्या मारायला लागतो. डोंगल यूएसबी 2 च्या (बहुधा आतून काळा असतो तो) पोर्टात घाला, नाहीतर लॅमिंग्टन रोडवरून (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) हातभर यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणून कॅबिनेटमागून टेबलावर घ्या. नवा माउस घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

बाकी, रबरी ग्रिपवाला माउस मुंबईत घेऊच नये. थोडे पावसाळे गेले की तो चिकचिकीत होतो, बोटांना काळं लागतं, मग बसा स्पिरिटने पुसत. दिसायला भिकार असला तरी कडक प्लास्टिकचाच घ्या.