वर्षानुवर्षं बाइक चालवणाऱ्याने पुन्हा प्रशिक्षण घ्यावं का?

लांबपल्ला
कॉलेजात असल्यापासून बाइक चालवतोय, आता मुलगी कॉलेजात जाते. घाट, हायवे, पाऊस, रात्रीचा प्रवास, सगळं झालंय. पण परवान्याची परीक्षा दिल्यापासून आजतागायत मला चालवताना बघून कोणी चूक-बरोबर सांगितलेलं नाही. बहिणीने अनुभवी चालकांसाठीचं शिबिर सुचवलंय. तिथे आपल्यासारख्याला नवीन काय मिळतं? ट्रॅकवर गुडघा टेकवून वळायला शिकवत असतील तर मला त्यात रस नाही. मला घरी धड पोचायचंय. कोणी केलंय का असं काही?

जुनाचालक
गरज वाटत नाही. इतकी वर्षं रस्त्यावर काढली की हात आपोआप चालतात. त्यापेक्षा चांगलं हेल्मेट आणि चांगले टायर घ्या.

चाचणीमैदान
हेल्मेट-टायरचं अगदी पटलं. हात आपोआप चालतात हेही खरं, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. मी अनुभवी चालकांनाच शिकवते. पहिला सराव कायम एकच असतो: ६० च्या वेगाने या आणि खुणेपाशी आल्यावर पूर्ण ताकदीने थांबा. गाडीवर सराईत दिसणारी माणसंही इथे बरीच पुढे जाऊन थांबतात. पुढच्या ब्रेकवर दोन बोटं अलगद, मागच्यावर मात्र सगळा पाय. मागचं चाक लॉक होतं, म्हणजे फिरायचं थांबून घसरत जातं, आणि गाडीची शेपटी हलायला लागते.

हे होणारच. रोजच्या रस्त्यावर आपण ब्रेक हळुवार लावतो आणि तेच बरोबर असतं. त्यामुळे पूर्ण ब्रेक कसा लागतो, हे हाताला कधी कळतच नाही. वर्षाकाठी एखाद्या वेळी लागणारी गोष्ट रोज चालवून अंगात येत नाही, ती मुद्दाम घोटवावी लागते.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरात ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले होते. १९८१ मध्ये अहवाल आला. त्यात हेच दिसलं: चालकांनी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरला नाही. धोका दिसल्यापासून धडक होईपर्यंत त्यांच्या हातात साधारण दोन सेकंदांहूनही कमी वेळ होता. एवढ्या वेळात विचार करून काही होत नाही, हात जे शिकलाय तेच करतो. अपघातातल्या बहुतेकांना कोणी रीतसर शिकवलेलं नव्हतं, आपलं आपणच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. आपल्यापैकी बहुतेकांचं तसंच नाही का?

आता हाताचं सांगते. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही. आधी हलका दाब द्यायचा, म्हणजे पुढचे शॉकअप खाली बसतात, गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि टायर रस्त्याला घट्ट चिकटतो. मग दाब वाढवत न्यायचा. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आसपास व्हायला हवं. तेवढ्यात मागचं चाक हलकं झालेलं असतं, म्हणून तिथला पाय थोडा सैल करायचा. गाडी सरळ, नजर लांब. वाचायला सोपं आहे, पण आमच्याकडे अर्धा दिवस यातच जातो. आणि गेलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

वेगाचं एक गणितही कागदावर मांडून दाखवते. एकाच जागी ब्रेक लावले तर ६० ची गाडी जिथे पूर्ण थांबते, तिथे ८० ची गाडी अजून ५० हून जास्त वेगात असते. वेग फक्त २० ने जास्त होता. पुष्कळ अनुभवी लोक हे ऐकून गप्प होतात.

लांबपल्ला
धन्यवाद ताई, हे असं कोणी सांगितलं नव्हतं. पण माझ्या आताच्या गाडीला एबीएस आहे, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. मग चाक लॉक व्हायचा प्रश्नच मिटला ना?

चाचणीमैदान
बराचसा मिटला, आणि एबीएस असलेली गाडी घेतलीत हे फार चांगलं केलंत. आधी एक बघा, दोन्ही चाकांना आहे की फक्त पुढच्या. फक्त पुढच्याला असेल तर मागचं चाक अजूनही लॉक होऊ शकतं.

दुसरं म्हणजे ब्रेकचा दांडा किंवा पायाखालचं पेडल थरथरलं की लोक दचकून सोडून देतात. ती थरथर म्हणजे एबीएस काम करतंय, दाब तसाच धरून ठेवायचा. हे एकदा मोकळ्या मैदानात अनुभवलेलं असलं की ऐन वेळी हात सुटत नाही. तिरप्या गाडीत मात्र साध्या एबीएसवर विसंबू नका. टायरची पकड तेवढीच असते. वळताना तिच्यातली बरीच वळण्यात खर्च झालेली असते, ब्रेकसाठी थोडीच उरते.

पावसाळीटायर
मी असं शिबिर केलंय. मला ब्रेकपेक्षाही नजरेचा धडा जास्त उपयोगी पडला. वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, तो बिंदू बघत राहायचा. तो पुढे पळत असेल तर वळण उघडतंय. तो जवळ येत असेल तर वळण आवळतंय, वेग आधीच कमी करायचा. जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, आणि अरुंद दुहेरी रस्त्यावर त्याच्याही निम्म्यात, कारण समोरूनही कोणी येत असतं.

समोरचा अडथळा चुकवायला झटकन कट मारण्याचा सरावही झाला. उजवीकडे जायचं तर उजवी मूठ पुढे ढकलायची. आपण सगळे नकळत तेच करत असतो, पण घाबरल्यावर उलटं करायला जातो. आधी ब्रेक, मग ब्रेक सोडून कट, दोन्ही एकत्र नाही.

जुनाचालक
हे वाचून थोडा विचार बदलला. पण एक शंका राहतेच. इतकं शिकल्यावर माणूस जास्त धीट होऊन जास्त जोरात चालवणार नाही का?

चाचणीमैदान
अगदी योग्य शंका. नॉर्वेत कारचालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं प्रशिक्षण दिलं, तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले आढळले. घसरलेली गाडी सावरता येते असं वाटलं की माणूस घसरण्याच्या जवळ जातो. म्हणून शिबिर निवडताना विचारा: रस्त्यावर मागे राहून तुमचं चालवणं बघतात का? चौकात कुठली गाडी आडवी येईल याचा अंदाज बांधायला शिकवतात का? फक्त मैदानातले शंकू आणि घड्याळ असेल तर दुसरं शोधा. शिक्षक सारखा वेगाचं कौतुक करत असेल तरीही.

लांबपल्ला
ठरलं, नाव नोंदवतो. तयारी काय करून येऊ?

चाचणीमैदान
रोजची स्वतःचीच गाडी आणा, मागून आणलेली नको. सकाळी टायर थंड असताना हवा तपासा. हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट हवेतच. आणि मुलगी मागे बसून फिरत असेल तर शिक्षकांना विचारून तिलाही घेऊन या. मागे माणूस बसला की मागच्या चाकावर वजन राहतं, मागचा ब्रेक जास्त काम देतो, आणि जोरात थांबताना मागचा माणूस तुमच्या पाठीवर येतो. तो सराव दोघांनी मिळूनच करायचा असतो. टाकीवर हात कुठे टेकायचे, हे तिलाही आधीच सांगून ठेवता येईल.